वळ कोणाच्या पाठीवर उठतो?



पैठणच्या रेड्याचे आख्यान ज्याच्या कानावरून गेले नाही असा वारकरी सापडावयाचा नाही. शुद्धिपत्र मागावयास चार लेकरे गोदाकाठी आली होती. 'ज्ञानदेव' हे नाव ऐकून कोणी कुचेष्टेने म्हणाले, 'नावाचे काय घेऊन बसलात? तो पखाल वाहणारा रेडा येतो आहे ना, त्याचेही नाव ज्ञानाच!' ज्ञानदेव म्हणाले, 'खरे आहे. त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही.' झाले, लगेच परीक्षा सुरू झाली. आसूड ओढला गेला रेड्याच्या पाठीवर आणि वळ उठले ज्ञानदेवांच्या पाठीवर. मग माउलींनी रेड्याच्या मस्तकी हात ठेवला आणि रेडा वेद बोलला. जुन्नर तालुक्यात आळे म्हणून गाव आहे, तिथे त्या रेड्याची समाधी आहे आणि लोक भक्तिभावाने तिथे माथा टेकतात.

आता थोडे थांबून विचार करावा. कीर्तनात टाळी पडते केव्हा? रेडा वेद बोलतो तेव्हा. तो मोठा चमत्कार खराच. पण त्याच्या आधी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. आधी वळ उठला. ज्याच्या पाठीवर मुक्या जनावराचा वळ उठला, त्याच्याच हाताखाली ते मुके जनावर बोलले. वळ नाही तर वेदही नाही, असा या आख्यानाचा क्रम आहे. आणि आणखी एक गोष्ट पाहा. तो आसूड कोणाच्या बंद वाड्यात ओढला गेला नाही. चारचौघांत, दिवसाढवळ्या, विद्वानांची सभा भरली होती तिथे ओढला गेला. पाहणारे पुष्कळ होते. डोळे सगळ्यांना होते, शास्त्र सगळ्यांना पाठ होते. पाठ मात्र एकाचीच दुखली.

आजच्या निरूपणाचा विषय एवढाच आहे. चारचौघांच्या जागेत, म्हणजे शहरातल्या बागेत, चौपाटीवर, मंडईत, बसस्थानकावर, रस्त्याच्या कडेला मुक्या जिवाला मार बसतो तेव्हा वळ कोणाच्या पाठीवर उठतो?

कोणी म्हणेल, 'महाराज, हे आम्हांला कशाला सांगता? आमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आम्ही मांसमच्छीला शिवत नाही. आमच्या हातून हिंसा कशी होईल?' अहो, माळ घातली हे फार चांगले केले. पण अहिंसा काय फक्त ताटात असते? जेवण दिवसातून दोन वेळा. बाकीचा सगळा वेळ आपण रस्त्यावर, कामावर, बाजारात, बागेत असतो. ताटापुरती दया पाळली आणि ताटाबाहेर जग तडफडत राहिले, तर त्या पथ्याला पथ्य म्हणावे, धर्म कसा म्हणावा?

ज्ञानेश्वरीच्या १३ व्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना माउलींनी अहिंसा या एका शब्दावर पुष्कळ ओव्या खर्ची घातल्या आहेत. मूळ श्लोकात तो शब्द एकदाच येतो, पण माउलींना तेवढ्याने समाधान नाही. अहिंसक पुरुष ओळखावा कसा, हे ते त्याच्या अंगाअंगातून दाखवतात. त्याचे पाऊल कसे पडते, त्याची वाचा कशी निघते, त्याची दृष्टी कशी असते, त्याचे हात काय करतात आणि या सगळ्यांच्या मुळाशी त्याचे मन कसे असते, अशी ती मांडणी आहे. तीच पाच अंगे घेऊन आपण शहरातल्या एखाद्या बागेत जाऊ आणि स्वतःलाच तपासून पाहू.

पाऊल

बागेत बाकाखाली कुत्रे निजलेले असते. त्याचे कोणाशी वैर नाही. येणाराजाणारा एखादा सहज लाथ घालतो. का रे बाबा? तर काही कारण नाही. वाटेत होते, एवढेच. अशी लाथ घालणारा माणूस घरी चांगला बाप असतो, कामावर चांगला कारकून असतो. पण धनी नसलेल्या जिवाला मारले तर विचारणारे कोणी नाही, हे त्याच्या पायाला ठाऊक असते.

आता शहरात माणसाचे पाऊल मोठे झाले आहे, त्याला चार चाके लागली आहेत. थंडीपावसात मांजराची पिल्ले गाडीच्या उबेला चाकापाशी, कधी आत यंत्रापाशी जाऊन बसतात. कुत्री सावलीसाठी गाडीखाली निजतात. माणूस घाईने येतो, कळ फिरवतो आणि जीव जातो. त्याला कळतसुद्धा नाही. म्हणून ज्याच्या घरी गाडी आहे त्याने एवढे करावे. बसण्यापूर्वी एकदा खाली वाकून बघावे आणि पुढच्या पत्र्यावर दोन थापा माराव्यात. आपण देवळात शिरताना वाकतो, घंटा वाजवतो. इथेही वाकावे, थाप मारावी. यात वेळ किती गेला? एका रामकृष्णहरीइतका.

वाचा

प्राणिसंग्रहालयाच्या बागेत रविवारी जाऊन पाहावे. मुंबईची राणीची बाग १८६२ सालापासूनची. हल्ली तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. पुण्यात पेशवे पार्कात प्राणी होते, ते पुढे कात्रजला नेले. अशा ठिकाणी माणसे मोठ्या हौसेने मुले घेऊन जातात आणि पिंजऱ्यापुढे उभे राहून काय करतात? ओरडतात, शिट्ट्या मारतात, झोपलेले जनावर उठावे म्हणून खडा मारतात, माकडाला चिडवून त्याचे दात बघतात. शेजारी उभे असलेले लेकरू हे सगळे शिकत असते. जनावर पाहावयास आणले आणि बापाने लेकराला जनावरपणा दाखविला!

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यातील कलम ३८ जे असे सांगते की, प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणे, इजा करणे, खायला घालणे, आरडाओरड करून त्रास देणे आणि तिथे कचरा टाकणे हा गुन्हा आहे. बिस्किटाचा तुकडा प्रेमाने टाकला तरी तो गुन्हाच, कारण त्या प्राण्याच्या पोटाला काय सोसते ते तिथल्या वैद्याला ठाऊक, आपल्याला नाही.

पण वाचेचे दुसरे कामही आहे. वाईट बोलू नये हे झाले अर्धे. योग्य वेळी बोलावे हे उरलेले अर्धे. पोरे कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधत असतील, रंगपंचमीला मांजराला रंगाच्या बादलीत बुडवत असतील, पाण्यातल्या कासवाला दगड मारत असतील, तिथून वारकऱ्याने मुकाट्याने पुढे जाऊ नये. 'बाळांनो, त्याला दुखतं रे' एवढे म्हणावे. शंभरांतली नव्वद पोरे तेवढ्याने थांबतात. पोर दुष्ट नसते. त्याला कोणी सांगितलेले नसते. ओरडून, शिव्या देऊन सांगितले तर ते आपण वळताच पुन्हा दगड उचलील. जवळ बसवून सांगितले तर उद्या दुसऱ्या पोराला तेच अडवील.

दृष्टी

वारीत रिंगण लागते. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती उचलून आपण कपाळाला लावतो. केवढा हा भाव! आता तोच वारकरी मुलांना घेऊन एखाद्या चौपाटीवर किंवा थंड हवेच्या ठिकाणी जातो. तिथेही घोडा असतो. बरगड्या मोजता येतात, खोगिराखाली जखम असते, दुपारच्या उन्हात पाण्यावाचून उभा असतो. नातू म्हणतो, 'आजोबा, घोड्यावर बसायचं.' आजोबा पैसे काढतात. रिंगणातल्या घोड्यात देव दिसला आणि चौपाटीवरच्या घोड्याची जखमसुद्धा दिसली नाही, तर ही दृष्टी कसली म्हणावी?

मुंबईत व्हिक्टोरिया नावाच्या शोभेच्या घोडागाड्या होत्या. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरविल्या, वर्षभरात बंद करावयास सांगितल्या आणि त्यावर पोट असलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचाही विचार करावयास सांगितले. हे शेवटचे विसरू नये. घोडेवाला आपला वैरी नाही. त्यालाही लेकरे आहेत. जनावराचा कैवार घेताना माणसाचा द्वेष करू लागलो, तर एका हिंसेतून निघून दुसरीत पडलो. 'मामा, घोड्याच्या पाठीला जखम आहे हो, आज त्याला विश्रांती द्या' असे म्हणावे, पाण्याची बादली आपण भरून आणावी आणि नातवाला सांगावे की याला बरे वाटले की मग बसू.

ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसाकाठी एकंदर ९ तासांहून अधिक आणि विसावा दिल्यावाचून सलग ५ तासांहून अधिक काम घेऊ नये. हवा ३७ अंशांच्या वर तापली असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपू नये. काटेरी लगाम, टोचणी चालत नाही. हे नियम शेतकऱ्याच्या पोराला नवे वाटू नयेत. चांगला शेतकरी बैलाला दुपारी झाडाखाली सोडतोच. दिवे घाट चढताना पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, ते कशासाठी? ओझे देवाचे असले तरी ते बैलाच्या बेताने ओढावे, एवढी समज आपल्या संप्रदायात पूर्वीपासून आहे. तीच समज मंडईतल्या गाडीच्या बैलापाशी, वीटभट्टीच्या गाढवापाशी घेऊन जायची आहे.

हात

हाताचे दोन व्यापार असतात, फेकणे आणि देणे. यांत फार अंतर आहे आणि शहरात आपण फेकण्यालाच देणे समजू लागलो आहोत.

शिळी पोळी, भाताची खरकटी, भाजीची देठे प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर गाठ मारून, आपण बागेच्या कोपऱ्यावर ठेवतो आणि मनात म्हणतो, गाईच्या मुखी लागेल. गाय येते. तिला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. गाईबैल चारा आधी गिळतात आणि मग रवंथ करतात हे आपल्याला ठाऊक आहे. पण प्लास्टिक रवंथीला येत नाही आणि पुढेही सरकत नाही. ते पहिल्या पोटात साचत राहते. पोट भरलेले दिसते आणि गाय उपाशी मरते. शस्त्रक्रिया करून अशा गाईंच्या पोटातून प्लास्टिकचे ढीगच्या ढीग काढावे लागतात. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चपासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी गाठी मारण्याचे थांबले नाही. गाईला माता म्हणणाऱ्याने तिच्यासमोर गाठ मारलेली पिशवी ठेवावी, हे पुण्य नव्हे. अन्न उघड्यावर, पानावर, स्वच्छ जागी, ताजे असतानाच द्यावे आणि खाऊन होईपर्यंत उभे राहून जागा साफ करावी.

पाखरांचेही तसेच आहे. २०२५ साली मुंबईतल्या कबुतरखान्यांचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला. पिढ्यान्पिढ्या दाणे टाकणाऱ्या भाविकांना वाईट वाटले. त्यांचा भाव खोटा नव्हता. पण एका जागी पोत्यांनी दाणे पडू लागले की पाखरे जागेच्या बेताबाहेर वाढतात. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ आसपासच्या माणसांच्या श्वासात जाते आणि काहींची फुप्फुसे कायमची निकामी होतात. तुकोबारायांची गोष्ट आपण ऐकतो. शेत राखावयास बसविले, तर ते पाखरांना हाकलीनात. पण ते उघड्या शिवारातले कणीस होते, पाखराने चार दाणे टिपले आणि ते उडून गेले. दया तीच असावी. पण जागा बदलली की दयेने रीत बदलावी. उन्हाळ्यात गच्चीवर मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावे, ते रोज बदलावे, दारात एक देशी झाड लावावे. पाखरू आपले आपण पोट भरील.

आणि संक्रांतीचा पतंग! नायलॉनचा मांजा तुटून झाडाला अडकतो आणि महिनेच्या महिने तसाच राहतो. घार, घुबड, बगळा त्यात पंख अडकून उलटा लटकतो. माणसांचेही गळे त्याने चिरले आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैत या मांजावर देशभर बंदी घातली. घरातल्या मुलाच्या चक्रीत कोणता दोरा आहे, एवढे बघणे बापाच्या हातात आहे.

मन

आता अवघड जागा आली. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विषय काढला की माणसे तापतात. एक म्हणतो, सगळी मारून टाका. दुसरा म्हणतो, कोणी बोटसुद्धा लावू नका. वारकऱ्याने कोणाच्या बाजूस उभे राहावे?

पहिल्याने हे कबूल करावे की भय खोटे नाही. ज्या आईच्या लेकराला कुत्र्याने फाडले तिला दयेवर प्रवचन सांगू नये. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची लक्षणे एकदा उमटली की तो रोग बहुधा माणूस घेऊनच जातो. म्हणून कुत्रे चावले, नुसते ओरखडले तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद असले काही भरू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी आणि सगळ्या मात्रा पुऱ्या कराव्यात. हे सांगणे हीसुद्धा भूतदयाच आहे, कारण माणूसही भूतमात्रातच येतो.

परंतु भयातून मारावयास निघाले की काय होते, तेही पाहावे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत इंग्रज सरकारने कुत्री मारण्याचे काम काढले होते. मेलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने मारणारे घरांच्या आवारात शिरूनही कुत्री मारू लागले. तेव्हा पारशी मंडळी खवळून रस्त्यावर आली, बाजार बंद झाले, मोठी दंगल झाली. जिवाची किंमत बक्षिसात मोजली की कोण पिसाळलेले आणि कोण राखणदार हा विवेक राहत नाही.

शिवाय मारून प्रश्नही सुटत नाही. एका आळीतली कुत्री उचलली, पण उकिरडा तसाच ठेवला, तर मोकळ्या जागेत दुसऱ्या आळीतली कुत्री येतात. आलेली कुत्री नवी असतात, भांडतात, लस न दिलेली असतात. म्हणून कुत्रे धरावे, शस्त्रक्रियेने त्याची वीण थांबवावी, रोगाची लस द्यावी आणि पुन्हा त्याच्या जागी सोडावे, अशी रीत २००१ च्या नियमांत आली आणि २०२३ च्या नव्या नियमांतही तीच आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रीत राखली. पिसाळलेली आणि अंगावर धावणारी कुत्री मात्र सोडू नयेत, रस्त्यात वाटेल तिथे खायला घालू नये, त्यासाठी प्रभागाप्रभागांत जागा नेमून द्याव्यात, असेही सांगितले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावयास सांगितले. म्हणजे कायद्यानेही दोन टोके सोडून मधली वाट धरली आहे. विष घालणाऱ्याला यात जागा नाही आणि खेळणाऱ्या लेकरांच्या पायवाटेवर भाकरी टाकून घरी जाणाऱ्यालाही नाही.

नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळविली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागे धावले. आपण हसतो, गहिवरतो. पण त्यांनी काय केले ते नीट बघावे. तूप घेऊन ते स्वतः धावले, दुसऱ्याच्या दारात टाकून आले नाहीत. आजच्या शहरात तुपाची वाटी म्हणजे काय? आपल्या आळीतल्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया आणि लस व्हावी म्हणून महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात चार खेपा घालणे, त्यासाठी वर्गणी काढणे, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी अन्न देणे आणि उकिरडा साफ ठेवणे. खेपा घालताना पाय दुखतात, कचेरीत ताटकळावे लागते, शेजारी हसतात. हेच आजचे धावणे.

नाथमहाराजांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. सोबतच्यांना वाटले, केलेली यात्रा वाया गेली. नाथांना वाटले, रामेश्वर इथेच भेटला. ते गाढव कोणाचे होते, हे आख्यानात येत नाही. कोणाचेच नसावे. जे कोणाचेच नाही ते देवाचे आहे, हा त्या कावडीचा अर्थ आहे. बागेतले कुत्रे, चौपाटीवरचे मांजर, उकिरड्यावरची गाय यांना धनी नाही असे आपण म्हणतो. अहो, धनी आहे, तो विटेवर उभा आहे आणि बघतो आहे.

कायदा आणि धर्म

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यापूर्वी रुक्मिणीदेवी अरुंडेल या विदुषीने राज्यसभेत स्वतः विधेयक आणले होते. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिले, मग तो झाला, आणि १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याच त्याच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. मुंबईत तर प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था १८७४ पासून आहे. घटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत सजीव प्राण्यांविषयी कणव बाळगणे हेही एक आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ३२५ व्या कलमात जनावराला ठार मारणे, विष घालणे, लुळे करणे याला ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. विष घातल्याचे दिसले तर पोलिसांत तक्रार द्यावी, भिऊ नये.

पण १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! आज ५० रुपयांत काय मिळते ते तुम्हीच सांगा. म्हणजे कायद्याच्या भयाने कोणाचा हात थांबेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. कायदा उपयोगी पडतो. पण बागेत पहाटे सहाला पोलीस नसतो, कायदा नसतो. तिथे फिरावयास आलेली चार माणसे असतात. त्यांच्यांत एक जरी वारकरी असला, तरी त्या जिवाला कोणी तरी आहे असे झाले पाहिजे.

गाडगेबाबांनी हे करून दाखविले. मुलीच्या बारशाला मांस आणि दारू वाढण्याची जातीची रीत होती. त्यांनी ती मोडून गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, तरी ढळले नाहीत. पुढे जन्मभर जत्राजत्रांतून हातात खराटा घेऊन फिरले, आधी जागा झाडली आणि मग देवापुढे बकरे कापणाऱ्यांना प्रश्न विचारून विचारून निरुत्तर केले. त्यांनी कोणाला मारले नाही, कोणाशी वैर धरले नाही. जिथे हिंसा होते तिथे जाऊन उभे राहिले. चारचौघांच्या जागेत चारचौघांना सांगायचे कसे, याचा धडा त्यांच्याकडून घ्यावा.

दिंडीने धरावयाचे नेम

श्रोते हो, ऐकलेले अंगी लागावे म्हणून थोडके नेम सांगतो. आषाढीची वारी पुण्यात येते. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्काम करते. लाखो माणसे शहराच्या रस्त्यांवर, बागांत, शाळांत उतरतात. आपण येतो तेव्हा तिथले मुके जीवही तिथेच असतात.

पहिला नेम असा की, मुक्काम उठताना उष्ट्या पत्रावळी आणि पिशव्या एकत्र करूनच दिंडी हलावी. पिशवीला गाठ मारून अन्न कोणी टाकू नये. पंढरीस वाळवंटातही हाच नेम.

दुसरा नेम, दिंडीच्या गाडीला बैल असतील तर त्यांचे पाणी आधी, आपला चहा मागून. शेपटी पिरगाळणे, पराणी टोचणे बंद. वाटेत मागे लागलेल्या कुत्र्याला दगड मारू नये. आपण थांबलो, शांत राहिलो, तर बहुतेक कुत्री मागे फिरतात.

तिसरा नेम घरचा. रोज बागेत फिरावयास जाणाऱ्यांनी दोघांतिघांची जूट करावी, जखमी जनावर दिसले तर नजीकच्या पशुवैद्याला किंवा प्राण्यांच्या संस्थेला कळवावे आणि कोणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबावे. थांबणे फार महत्त्वाचे आहे.

चौथा नेम लेकरांचा. हरिपाठ शिकविताना मुलाला एक गोष्ट आणखी शिकवावी. दुसऱ्याच्या पाठीवरचा मार आपल्या पाठीला कळला पाहिजे. हरिपाठ मुखात असेल आणि हातात दगड असेल, तर दोन्हींपैकी एक टाकावे लागेल. कोणते टाकायचे ते मुलालाच विचारावे.

एवढे केल्याने जगातली क्रूरता संपेल काय? नाही. पण आपल्या आळीतली, आपल्या बागेतली थोडी कमी होईल. ज्ञानदेवांनी तरी सगळ्या जगाचे आसूड कुठे थांबविले? समोरच्या एका रेड्याचे दुःख आपले मानले आणि त्याच्या माथ्यावर हात ठेवला. आपल्याला वेद बोलविता येणार नाहीत. हात ठेवता येतो, पाणी ठेवता येते, उगारलेला हात धरता येतो. पांडुरंग आपल्याकडून तेवढीच सेवा करून घेवो, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आपल्या मुखात दोन शब्द ठेवो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.